विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर: मराठी टंकलेखनाच्या दुकानातला अनुभव

आपण विचारले आहे की, शहाद्यात आपले टंकलेखनाचे आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे, दोन्ही संगणक विंडोज १० वर चालतात, त्याची मुदत संपल्याची सूचना सारखी दिसते, तर विंडोज ११ घ्यावे का, आणि घेतले तर मराठी फॉन्ट, प्रिंटर व जुने डोंगलचे (यूएसबीला चावीसारखे लावल्याशिवाय न चालणारे) सॉफ्टवेअर चालेल का. माझे अमळनेरला अगदी असेच दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रे, सोसायटीचे ठराव, सातबारा आणि पीक विम्याचे अर्ज ही रोजची कामे, आणि तीन संगणक. त्यांपैकी एकावर मी २०२५ च्या पितृपक्षात अपग्रेड केले, दुसऱ्यावर मुद्दाम केले नाही आणि तिसरा काढून त्याजागी नवा घेतला, त्यामुळे तिन्ही वाटांचा अनुभव सांगू शकतो. माझे मत असे की, ज्या संगणकावरून आपण पैशांचे आणि आधारचे व्यवहार करता तो अवश्य विंडोज ११ वर न्यावा, मात्र जुने डोंगल ज्याला लागते तो संगणक इंटरनेटपासून तोडून आहे तसा ठेवावा. माझा वेळ नव्या विंडोजने फारसा घेतला नाही. तो गेला त्याला जोडलेल्या जुन्या वस्तूंपायी, म्हणून त्यांच्याबद्दलच अधिक लिहितो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याने संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेची अपडेट थांबतात. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा आणि सिक्युअर बूटची सोय असलेला संगणक, तसेच टीपीएम २.० ही चावी सांभाळणारी सुरक्षा-सोय लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर यादीत आहेत. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅम चालवला की आपला संगणक पात्र आहे की नाही ते कळते, पण त्याचा नकार हा शेवटचा शब्द समजू नये. माझा २०१९ चा, नवव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा संगणक अपात्र असल्याचे त्याने दाखवले, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने नवा संगणकच घ्यावा लागेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात टीपीएम प्रोसेसरमध्येच होते, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद होते इतकेच. इंटेलच्या संगणकात ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने सापडते, ते चालू करावे.

माझ्याकडे दुसरी अडचण अशी होती की, पूर्वी कोणीतरी विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या प्रकारच्या विभागणीच्या डिस्कवर बसवले होते. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे. तिथे लेगसी असेल, तर विंडोजबरोबरच येणारे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डिस्कची विभागणी यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी प्रकारात बदलून देते आणि सर्वसाधारणपणे आतला मजकूर जागेवर राहतो. तरीही बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये, कारण हे काम चालू असताना वीज गेली तर डिस्क वाचेलच असे नाही, आणि आपल्याकडच्या विजेची खात्री कोण देणार? हे काम झाल्यावर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय निवडावे लागते, नाहीतर संगणक सुरूच होत नाही.

पितृपक्ष मी विचार करूनच निवडला. त्या पंधरवड्यात पत्रिका छापायला कोणी येत नाही. जून-जुलैमध्ये दाखले आणि पीक विमा यांची झुंबड असते, आणि दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो तो आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून जाईपर्यंत. आपलाही हंगाम याहून फार वेगळा नसेल. रात्री दुकान बंद केल्यावर, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असल्याची खात्री करून मी अपग्रेड सुरू केले. फाइल काही जीबींची असते, म्हणून ती आदल्या दिवशीच उतरवून ठेवली होती. बसवण्यास साधारण अडीच तास लागले, आणि सर्व प्रोग्रॅम व फाइली जागेवर राहिल्या. हे शक्य झाले ते आधीचे विंडोज १० ही ६४-बिट होते म्हणून. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे आपल्याकडे ३२-बिट विंडोज असेल तर वरून अपग्रेड होत नाही, सर्व पुसून नव्याने बसवावे लागते. हे आधी तपासावे.

दिसण्यातल्या बदलांची चार दिवसांत सवय होते. स्टार्टचे बटण मधोमध येते, ते टास्कबारच्या सेटिंग्जमधून पुन्हा डावीकडे नेता येते. माउसचे उजवे बटण दाबल्यावर येणारी यादी आखूड झाली आहे. शिफ्ट दाबून तेच बटण दाबले की पूर्वीची पूर्ण यादी उघडते. संगणकात एसएसडी आणि ८ जीबी रॅम असल्यामुळे वेग कमी झाल्याचे मला जाणवले नाही, परंतु साधी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर नियमात बसत असूनही दुकानाच्या कामाला ते पुरणार नाही.

आता मराठीबद्दल, कारण आपल्या व्यवसायाचा जीव त्यात आहे. आपण ज्याला सरसकट मराठी फॉन्ट म्हणतो त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत: जुने फॉन्ट, आणि युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो, फक्त आपल्या डोळ्यांना मराठी दिसतो. असे फॉन्ट विंडोज ११ मध्ये बसतात आणि जुन्या पत्रिका जशाच्या तशा उघडतात. माझ्या पंधरा वर्षांच्या फाइलींपैकी एकही त्या कारणाने बिघडली नाही. अडचण येते ती नवीन मजकूर टाइप करताना, कारण कळा मराठी अक्षरांशी जुळवून देणारा स्वतंत्र प्रोग्रॅम आणि त्याचे डोंगल जुन्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. माझ्या डोंगलचा ड्रायव्हर अपग्रेडनंतर चालत होता, परंतु विंडोज सिक्युरिटीतील कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी हा पर्याय मी चालू केला, आणि तो ड्रायव्हर अडवला गेला. हा पर्याय न जुळणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला मुद्दाम आत येऊ देत नाही. तो बंद ठेवला की डोंगल चालते, पण ज्या संगणकावर ग्राहक विश्वासाने बोटांचे ठसे देतात त्याची सुरक्षा एका जुन्या डोंगलसाठी कमी करणे मला पटले नाही. म्हणून डोंगल जुन्या संगणकावर गेले.

युनिकोड मराठीच्या बाबतीत मात्र विंडोज ११ वर मी समाधानी आहे. मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी मिळते, आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आलेला मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चारानुसार टाइप करायचा) कीबोर्डही जोडता येतो. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलते. रेमिंग्टनची मांडणी वेगळी बसवावी लागते. आमच्याकडे टंकलेखन करणाऱ्या नानांचा हात टंकयंत्राच्या काळापासून तिच्यावर बसलेला आहे, म्हणून त्यांच्यासाठी ते आधी केले. आपल्याकडेही असा कोणी जुना टंकलेखक असेल तर अपग्रेडच्या दिवशीच ही सोय करून ठेवावी, कारण त्यांचा वेग म्हणजेच दुकानाचा वेग असतो.

नव्या संगणकावर एक प्रकार घडला तो लिहितो, कारण त्याचे कारण शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली. सोसायटीच्या अहवालाची कोकिळा फॉन्टमधली फाइल तिथे उघडली, तर ३२ पानांची ३७ पाने झाली आणि सर्व तक्ते सरकले. अपग्रेड केलेल्या संगणकावर तीच फाइल व्यवस्थित होती. मंगल, कोकिळा, उत्साह आणि अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात नसतात. देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या नावाने ते सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समधून घ्यावे लागतात, आणि तोवर त्यांच्या जागी बहुतेक वेळा निर्मला यूआय दिसतो, ज्याचा आकार आणि ओळींमधले अंतर वेगळे आहे. तो संच घेतल्यावर अहवाल पुन्हा ३२ पानांचा झाला. मंगल हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि गेल्या वीस वर्षांतले कितीतरी मराठी अर्ज-अहवाल त्यात लिहिलेले आहेत; म्हणून हा संच पहिल्याच दिवशी बसवावा.

अपग्रेडच्या निमित्ताने मी नवी कामे पूर्णपणे युनिकोडमध्ये करायला लागलो, आणि मला सर्वांत मोठा लाभ तोच वाटतो. ग्राहक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतात, तो युनिकोडच असतो. पूर्वी तो सगळा नव्याने टाइप करावा लागे, आता उचलून थेट ठेवता येतो. पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या नावाने ‘मन्हा मामाना लगीनले नक्की या’ अशी अहिराणी ओळ घालायची असते, तीही त्याच कीबोर्डने सहज लिहिता येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. रफार आणि ऱ्ह, ऱ्य यांसारखी जोडाक्षरे तिथे हमखास बिघडतात. कुऱ्हाड हे गावाचे नाव आणि सूर्यवंशी हे आडनाव मला प्रत्येक ठरावात हाताने दुरुस्त करावे लागले. प्रतिज्ञापत्रात नावाचे एक अक्षर चुकले तरी माणसाला तहसील कचेरीची आणखी एक खेप पडते, म्हणून बदललेला मजकूर आमच्याकडे दोघे जण वाचतात.

लेझर प्रिंटर अपग्रेडनंतर तसाच चालला. जुन्या स्कॅनरला उत्पादकाचा ६४-बिट ड्रायव्हर मुळातच नव्हता, तो डोंगलच्याच सोबतीला गेला. ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्रॅम) एकदा काढून पुन्हा बसवावी लागली. जास्त वेळ लागला तो दोन संगणकांमधील सामायिक फोल्डरला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो प्रकारात, पासवर्ड न विचारता पाहुणा म्हणून दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमध्ये शिरण्याची वाट मूळ रचनेतच बंद आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत फोल्डर असाच, पासवर्डविना उघडा टाकलेला असतो. ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे पासवर्डसह एक वेगळे खाते तयार केले आणि तेच नाव-पासवर्ड नव्या संगणकावर दिले, की फोल्डर उघडतो.

सुरुवातीला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांची प्रत वनड्राइव्हवर ठेवावी का असे विचारले जाते. मी घाईत न वाचता होकार दिला, ही माझी चूक होती. तिथे मोफत जागा ५ जीबी असते, आणि लग्नाचे फोटो व डिझाइनच्या फाइली धरून माझा डेस्कटॉप त्याच्या कितीतरी पट मोठा होता. आपण तो प्रश्न शांतपणे वाचून मग उत्तर द्यावे.

अपग्रेड न मानवल्यास सेटिंग्जमधील रिकव्हरीतून मागे जाता येते, पण त्याला १० दिवसांचीच मुदत असते. त्या काळात विंडोज.ओल्ड हा फोल्डर जागा मोकळी करण्यासाठी पुसू नये. मी त्या दहा दिवसांत दुकानात वर्षभर येणारे प्रत्येक प्रकारचे काम एकदा तरी मुद्दाम करून पाहिले, अगदी डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनपासून लिफाफ्यावर पत्ता छापण्यापर्यंत, आणि आपणही तसेच करावे अशी माझी विनंती आहे.

आपला दुसरा संगणक अपात्र ठरला तर नियमांना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आपल्याला कोणीतरी सुचवेल. त्या वाटेने जाऊ नये. अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि २४एच२ तर कोअर २ ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहेत, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्ज सिंक केल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. व्यावसायिक वापरासाठी वेगळी योजना आहे, तिचा दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा आहे. जुन्या संगणकावर इतका खर्च करण्यापेक्षा त्याची इंटरनेटची वायर काढून त्याला फक्त जुन्या पत्रिका आणि स्कॅनर यांसाठी ठेवणे मला योग्य वाटले. त्याच्याकडे फाइल न्यायची असेल तर एकच ठरावीक पेन ड्राइव्ह वापरतो, आणि तो आधी विंडोज ११ च्या संगणकावर तपासून घेतो.

दोन्ही संगणकांचे प्रोसेसर, आत्ताचे विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि डोंगल कोणत्या वर्षीचे आहे, एवढे आपण खाली लिहिलेत तर कोणता संगणक आधी घ्यावा हे मला अधिक नेमके सांगता येईल.