अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराला दोघंच निघालात ना? मग एवढं ऐका

जुलै-ऑगस्ट टाळा, दमट उकाड्याने जीव नकोसा होतो. मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुललेल्या असतात. चिलटं चावतात, पण तेवढं चालवून घ्यायचं. हॉटेल महाग पडलं तरी ऐतिहासिक भागातच घ्या आणि गाडी विसरा. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ऑगलथॉर्प याने १७३३ मध्ये चौकांभोवती हे शहर आखायला घेतलं. आज २२ चौक आहेत, सगळे बघायचा हट्ट नको. सकाळी लवकर जॉन्सन स्क्वेअरपासून बुल स्ट्रीटने सरळ चालत सुटा. पाच चौक ओलांडले की फोर्सिथ पार्क, आणि त्यातलं १८५८ चं पांढरं कारंजं. वाटेत ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा लोंबत असतात. खाली पडलेला झुपका मात्र फोटोसाठी उचलू नका, त्यात बारीक किडे असतात. वहिनींना सांगा, रिव्हर स्ट्रीटवर टाचांच्या चपला नकोत. दगड ओबडधोबड, जिने उभे.

भुतांच्या टूरवर पैसे घालवण्यापेक्षा ओवेन्स-थॉमस हाऊस हा जुना वाडा बघा, आता ते संग्रहालय आहे. मालकाच्या दिमाखदार दिवाणखान्याइतक्याच बारकाईने मागच्या गुलामांच्या खोल्याही दाखवतात. त्यांच्या छताचा जुना निळा रंग मान वर करून नीट बघा. एक दुपार टायबी बेटासाठी ठेवा, तिथल्या दीपगृहावर चढता येतं.