आज किती आली?

प्रश्न : नमस्कार ताई, मला टाइप टू डायबिटीस होऊन 9 वर्षं झाली. गोळ्या, चालणं, पथ्य सगळं करते, म्हणजे करत होते. गेला महिनाभर शुगर तपासायचं मशीन ड्रॉवरमध्येच पडलंय, हात लावावासा वाटत नाही. सकाळी डोळे उघडले की ह्यांचा पहिला प्रश्न, "आज किती आली?" एकदा 212 आली होती तर मी सरळ 128 सांगून मोकळी झाले आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. आता डॉक्टर इन्सुलिन सुरू करू म्हणतायत. एवढं करून शेवटी इथेच यायचं होतं तर कशाला केलं सगळं? मला डिप्रेशन आलंय का?

उत्तर : ताई, आधी त्या 128 बद्दल. डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री बसून पंधरा दिवसांचे आकडे डायरीत भरणारे आणि खरं वाटावं म्हणून दोन-तीन वेगवेगळी पेनं वापरणारे पेशंट मी पाहिलेत, तुम्ही तर एकच आकडा बदललात. माणूस असं आळसाने नाही करत, रोज सकाळी निकाल लागतोय असं वाटायला लागलं की करतो.

तुम्ही सांगताय त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात, म्हणजे रोज डायबिटीस सांभाळून सांभाळून मनाला आलेला थकवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये यासाठी 20 प्रश्नांची प्रश्नावली काढली, ती आजही वापरतात. म्हणजे हे तुमच्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत. डिप्रेशनपेक्षा हे वेगळं, पण दोन्ही एकत्र असू शकतात. शुगरचा विषय बाजूला ठेवला तर गप्पा, टीव्ही, माणसं यात मन रमतं का बघा. कशातच रमत नसेल आणि दोन आठवडे हेच चाललं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि जगणंच नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांनाही लगेच सांगा.

आता ते 212. रात्री काही वावगं न खाताही सकाळची शुगर चढते, कारण पहाटे शरीरात कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साखर सोडतं, त्यात नीट झोप नसेल, डोक्यात काळजी असेल तर अजूनच. तुम्ही झोपेत कुठलं पथ्य मोडणार होतात? इन्सुलिनचंही तसंच आहे. टाइप टूमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद वर्षागणिक कमी होत जाते, नीट वागणाऱ्यांचीही होते. "ऐकलं नाहीस तर इन्सुलिन लावीन" असं धमकावणाऱ्यांनी ह्या औषधाची फार बदनामी केलीय, माझं स्पष्ट मत आहे. आणि 9 वर्षं केलं ते वाया कसं जाईल, तेवढी वर्षं डोळे आणि किडनी कमी साखरेत राहिले की!

यजमानांचं म्हणाल तर ते घाबरलेत, पण घाबरलेला माणूस इन्स्पेक्टर होतो. त्यांना दुसरं काम द्या. इन्सुलिन सुरू झालं की शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, तेव्हा 15 ग्रॅम साखर द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं, हे त्यांना शिकवून ठेवा. रोजचा आकडा मात्र तुम्ही आपणहून सांगाल तेव्हाच. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसीचा रिपोर्ट दोघांनी मिळून बघा, चालेल.

पुढच्या वेळी फाइल उघडायच्या आधीच डॉक्टरांना सांगून टाका, "महिनाभर शुगर बघितली नाही, मला ह्या सगळ्याचा वीट आलाय." मग किती वेळा तपासणं खरंच गरजेचं आहे ते विचारा, इन्सुलिनवर तपासावं तर लागेलच. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. आणि हो, ड्रॉवरमधल्या स्ट्रिप्सची एक्सपायरी बघा, डबीचं झाकण उघडं राहिलं असेल तर दमट हवेने आकडा चुकतो, उगाच त्यावरून परत रडारड नको.