नानांचा बाण कुठे गेला?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही राजापूर तालुक्यातले. आमच्या सासऱ्यांनी, घरात सगळे नानाच म्हणतात, 1990 पासून धनुष्यबाण सोडून दुसरीकडे शिक्का मारला नाही की बटण दाबलं नाही. 2024 च्या लोकसभेला मशीनवर बाणच नव्हता, आमच्याकडे कमळ विरुद्ध मशाल होतं, नाना आत इतका वेळ उभे राहिले की रांगेतली माणसं कुजबुजायला लागली. विधानसभेला बाणही होता आणि मशालही, मग घरात दोन दिवस अबोला. नानांचं म्हणणं, घराचं मत एकच असतं आणि ते फिरवणारा गद्दार. मुलगा म्हणतो पक्ष बिक्ष काही नसतं, माणूस बघायचा. आता पुढची निवडणूक आली की पुन्हा तेच होणार. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : अहो, नाना तिथे का थांबले ते मला लगेच कळलं. ज्याच्याशी तीस-पस्तीस वर्षं इमान राखलं त्याचे दोन झाले आणि त्यातलं खरं कुठलं हे नानांना कुणी विचारलंच नाही, निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेचं नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं, ठाकरे गटाकडे मशाल आली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादीच्या घड्याळाचंही तसंच झालं. मग निष्ठा कुणाशी, चित्राशी, नेत्याशी की विचाराशी? नानांना आधी हे विचारा, पण जेवण झाल्यावर.

आणि गद्दार वगैरे शब्द मतदाराला लावूच नयेत. 2019 ला चार मोठ्या पक्षांपैकी कुणालाही मत दिलं असतं ना, तरी तुमचा पक्ष पाच वर्षांत कधी ना कधी सत्तेत बसलाच, आधी पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडी, मग 2022 ला शिंदे-फडणवीस, मग 2023 ला अजितदादाही तिकडे. नेते एवढे फिरले आणि निष्ठेची परीक्षा मात्र नानांची!

निष्ठा कार्यकर्त्याला शोभते हो, तो सतरंज्या उचलतो, त्याला उद्या तिकीट मागायचं असतं (मिळत नाही ती गोष्ट वेगळी). मतदाराचं उलट आहे. ही वाडी आपलीच, हा गठ्ठा कुठे जात नाही, असं एकदा उमेदवाराला कळलं की तो तिथे हात जोडायलासुद्धा येत नाही, सगळा जोर कुंपणावरच्या वाडीत लावतो, रस्ताही आधी तिकडेच होतो. आणि विरोधातलाही येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती मतं गेलेलीच.

सांगोल्याचं बघा. गणपतराव देशमुखांनी शेकाप कधी सोडला नाही आणि लोकांनी त्यांना 11 वेळा आमदार केलं, पण 1972 ला आणि 1995 ला त्याच लोकांनी त्यांना घरीही बसवलं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा निवडून दिलं. मला तर हे नातं फार आवडतं.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळते, कारण तेही अर्धंच बरोबर आहेत. नुसता माणूस बघून भागत नाही. माणूस सोन्यासारखा असला तरी विधानसभेत कायद्यावर मतदान आलं की पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघतो, तो मोडला तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जाऊ शकते, म्हणून हात पक्ष सांगेल तेव्हाच वर होतो. त्यामुळे आमदार-खासदार निवडताना पक्ष बघायलाच हवा, तो पाच वर्षांत कशाच्या बाजूने उभा राहिला आणि कुणाच्या मांडीला मांडी लावून बसला, सगळंच. ग्रामपंचायतीला मात्र पक्षाचं चिन्ह नसतंच, पॅनल असतं, आणि मी पैजेवर सांगते, तिथे नानांनीसुद्धा आजवर नळाचं पाणी कोण आणेल आणि भावकीतला कोण आहे हेच बघून मत दिलं असणार. विचारून बघा, हसतील.

तुमचं म्हणाल तर तुम्ही दोघांचंही ऐकू नका. ज्या पक्षाचं धोरण पटतं तो धरून ठेवायला काहीच हरकत नाही, दर वेळी उगाच उड्या मारायचं कारण नाही, फक्त पाच वर्षांनी एकदा हिशेब मागायचा आणि तो पटला नाही तर एक खेप दुसरीकडे द्यायची, नंतर परत येता येतं.

आणि त्या पुठ्ठ्याच्या आडोशात तुम्ही एकट्याच असता, व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही सात सेकंद तुम्हालाच दिसते आणि खाली पडते. घरी आल्यावर नानांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.