चुलतभावाचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) सोडायचंय?

आधी एक गैरसमज काढून टाक. मुखत्यारपत्र फक्त लिहून देणाराच रद्द करतो असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारही, म्हणजे ज्याला अधिकार दिलेत तो (इथे तू), काम सोडू शकतो. भाऊ दुबईत आणि तू सांभाळतोस तो त्याचा फ्लॅट पुण्यात, म्हणून तू जन्मभर बांधला गेला नाहीस.

पण फोनवर 'आता मला जमणार नाही' म्हणून मोकळा होऊ नकोस. कलम २०६ वाजवी मुदतीची पूर्वसूचना मागतं. ती न देता सोडलंस आणि भावाचं नुकसान झालं, तर भरपाई तुझ्या गळ्यात. 'वाजवी' म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. पुढच्या आठवड्यात खरेदीखत ठरलेलं असेल तर निदान तेवढं पार पाड किंवा त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ दे. ठरावीक मुदतीचा करार असेल, तर मध्येच सोडायला सबळ कारण हवं (कलम २०५).

सूचना लेखीच दे. पत्राची पोचपावती जपून ठेव, ईमेलही कर. मूळ मुखत्यारपत्र, किल्ल्या, भाड्याचा हिशेब परत देताना त्याची सही घे. नात्यात सही मागायला लाज वाटते, माहीत आहे. तरी माग.

बँक, सोसायटी आणि भाडेकरूलाही कळव. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत चौकशी कर. आणि सूचना दिल्यानंतर नव्या कुठल्याच कागदावर त्याच्या वतीने सही करू नकोस, अगदी लाइटबिलाच्या अर्जावरसुद्धा.