कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत धोरणविषयक काम करायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर पीडित महिलांचे थेट समुपदेशन न करता मुंबईतील एखाद्या संस्थेत फक्त धोरणाचे काम करता येईल का, आणि त्यात पुढे वाव आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी अशाच एका संस्थेत हे काम करते. वाव निश्चित आहे. मात्र सुरुवातीचा काही काळ समुपदेशन टाळू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 12 नुसार पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवावी आणि तिथून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्यांनी करावा. ही मुदत नेमकी कुठे अडते, ते मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. नोटीस घेऊन गेलेल्याला दार उघडले जात नाही, नवरा गावाला गेल्याचे सांगितले जाते, पुढची तारीख पडते, आणि तोवर नालासोपाऱ्याला माहेरी राहणारी ती बाई कडेवर मूल घेऊन लोकलने न्यायालयात खेपा घालत राहते. शासनाला निवेदन देताना ‘अंमलबजावणी सुधारावी’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या आदेशाने काय बदलता येईल, हे सांगावे लागते आणि ते केसच्या फायलींतूनच कळते.

कायद्याच्या नियमांसोबत असलेला, पीडितेची तक्रार नोंदवण्याच्या घटना अहवालाचा नमुना एकदा स्वतः भरून पाहा. त्यात आर्थिक हिंसाचाराचा वेगळा भाग आहे: घरखर्चाला किंवा औषधाला पैसे न देणे, नोकरी करू न देणे, स्त्रीधन विकणे. समोरची बाई म्हणते, “मारत नाहीत हो, फक्त पगार झाला की कार्ड काढून घेतात,” आणि नवखी कार्यकर्ती तो भाग कोरा ठेवून पुढे जाते. तोच कोरा भाग पुढे आकडेवारीत ‘आर्थिक हिंसाचार नाही’ म्हणून मोजला जातो.

मुंबईतील अनुभवही हेच सांगतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभे केले. हे दोन्ही प्रयोग आधी पीडितांसोबत बसून झाले आणि मग त्यांचा विस्तार इतर ठिकाणी झाला.

पगाराबद्दल स्पष्टच लिहिते: तो कमी असतो आणि नेमणूक बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, त्यामुळे अशा निधीवर चालणाऱ्या संस्था कार्यालयीन पदे भरताना हात आखडता घेतात. म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी नक्की विचारा: हे पद कोणत्या निधीतून आणि किती काळासाठी आहे, आणि धोरणाचे काम करणारे लोक समुपदेशकांच्या केस-बैठकांना बसतात का. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर मी तरी दुसरी संस्था पाहीन.