भिंतीला पाय फुटतात तेव्हा

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरीची स्पर्धा सुरू होते आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न नव्यानं येऊन पडतात. पहाटे उठून मॅच बघायची, दुपारी त्यातला वीस सेकंदांचा तुकडा ग्रुपवर फिरवायचा आणि संध्याकाळी पोरांकडून तो ग्राउंडवर करून घ्यायचा, असा क्रम ठरलेला. यंदाच्या पत्रांतली काही घेतो.

प्रश्न : स्क्रीन आणि पिक यांत फरक काय? (नाशिक)

काही नाही. आपल्या साथीदाराला मोकळं करायला त्याच्या डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, हा स्क्रीन. चेंडू हातात असलेल्यासाठी स्क्रीन लावला की लोक त्याला पिक म्हणतात, इतकंच.

प्रश्न : मेरीलँडनं 2002 साली फ्लेक्स खेळून विजेतेपद मिळवलं. आमच्या कॉलेजच्या संघात उंच खेळाडू नाहीत. आम्ही फ्लेक्स बसवावा का? (सांगली)

उंची ही अडचण नाही. फ्लेक्स या आक्रमणाच्या ठरीव चालीत कोपऱ्यातला खेळाडू बेसलाइनवरच्या (रिंगमागच्या रेषेजवळच्या) स्क्रीनला घासून रिंगखाली कट मारतो, म्हणजे झपाट्यानं धावतो. तो स्क्रीन ज्यानं लावला, त्याच्यासाठी लगेच वरून दुसरा स्क्रीन उतरतो आणि तो शूटिंगला वर येतो. मग चेंडू दुसऱ्या बाजूला जातो आणि हेच पुन्हा. पाचही जण सगळ्या जागा फिरतात, त्यामुळे बुटका संघही हे खेळू शकतो. अडचण आहे घड्याळाची. मेरीलँडचे कोच गॅरी विल्यम्स यांच्या त्या संघाला शॉटसाठी 35 सेकंद मिळत होते, तुमच्या पोरांना 24 मिळतात. त्यात चेंडू पुढे आणण्यातच सात-आठ जातात. दोन फेऱ्यांत शॉट निघाला नाही तर काय करायचं, ते आधी ठरवा. आणि बसवण्याआधी तुमचा संघ ज्यानं खेळताना पाहिलाय अशा कोचला आठवडाभर सरावाला बोलवा. माझ्या चार ओळींवर विसंबू नका.

प्रश्न : ‘अमेरिकन कॉलेजांचे 200 गुप्त सेट प्ले’ अशी पीडीएफ 499 रुपयांना मिळते आहे. घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. सेट प्ले म्हणजे आधी ठरवलेली चाल; गुप्त काय असतं त्यात? कोच जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला दहा विजेतेपदं मिळवून दिली; त्या संघाच्या नावानं ओळखला जाणारा ‘यूसीएलए कट’ आज शाळेतलं पोरगंसुद्धा वहीत काढून दाखवतं. 1996 साली प्रिन्स्टननं गतविजेत्या यूसीएलएला 43-41 असं घरी पाठवलं ते शेवटच्या क्षणी बॅकडोअर कट मारून, म्हणजे डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे धावून. प्रिन्स्टनचे कोच पीट कॅरिल यांचे संघ तो कट मारतात हे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही थांबवता येत नव्हता. त्या 499 रुपयांत दोन माणसांना शिट्टी देऊन सरावाला उभं करा, जास्त उपयोग होईल.

प्रश्न : व्हिलानोव्हाचा 2016 च्या फायनलमधला शेवटचा प्ले आम्हाला विद्यापीठ स्पर्धेसाठी बसवायचा आहे. (पुणे)

कशाला? 74-74 अशी बरोबरी, 4.7 सेकंद बाकी आणि चेंडू आपल्याच रिंगखालून आत टाकायचा. जेन्किन्सनं तो आर्चिडियाकोनोला दिला आणि स्वतः मागून चालत आला. ओचेफूचा स्क्रीन मध्यरेषेजवळ. डिफेंडर चेंडूकडे ओढले गेले, मागून आलेला जेन्किन्स मोकळा, 77-74. त्यांना अख्खं मैदान पार करावं लागलं, कारण त्यांच्या पुरुषांच्या नियमात टाइमआउट घेऊन चेंडू पुढे नेता येत नाही. आपण फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर पुढच्या अर्ध्यातून चेंडू आत टाकण्याची मुभा कोचला असते. म्हणजे तुम्ही फुकटची पळापळ बसवणार. स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत रेफरींना हा नियम विचारून घ्या. घ्यायचंच असेल तर ओचेफूकडून एक गोष्ट घ्या : जिथं स्क्रीन लावायचा होता तिथली फरशी ओली होती, म्हणून त्यानं पोऱ्याकडून मॉप घेऊन ती स्वतः पुसली. स्क्रीन लावणाऱ्याचे पाय घट्ट राहिले पाहिजेत, हे त्याला कळत होतं.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 17) सरावात मागून स्क्रीन बसला, डोकं आपटलं. दहा दिवस झाले, अधूनमधून डोकं दुखतं. सर म्हणतात, ‘खेळात चालायचंच, अमेरिकेत सगळे खांदा घालूनच स्क्रीन लावतात.’ (पिंपरी)

ताई, हे वाचून होताच डॉक्टरकडे जा. आज. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत ग्राउंड बंद. दहा दिवस कशाची वाट पाहिलीत?

आता त्या सरांसाठी. स्क्रीन म्हणजे भिंत. ज्याला अडवायचं तो उभा असेल आणि तुम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात असाल तर अंगाला न लागता हवं तितकं जवळ उभं राहा. पण त्याला दिसत नसाल, म्हणजे मागून बॅक स्क्रीन लावत असाल, तर त्याला एक सामान्य पाऊल टाकता येईल इतकी जागा सोडावीच लागते. तो पळत असेल तर वेग बघून एक ते दोन पावलं. धक्का बसताना स्क्रीन लावणाऱ्यानं स्थिर असलं पाहिजे. पाय, कंबर, कोपर स्वतःच्या उभ्या चौकटीत. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमांच्या पुस्तकातही न दिसणाऱ्या स्क्रीनला हीच एका पावलाची अट आहे. ‘तिकडे चालतं’ ही ऐकीव गोष्ट आहे. तिकडे रेफरीच्या नजरेतून काही निसटतं, तेच मोबाइलवर फिरतं आणि इकडे त्याची शिकवणी होते. शिट्टी वाजली तर फाउल आणि चेंडू दोन्ही जातात, हे नुकसान किरकोळ. सिमेंटच्या कोर्टावर बेसावध पोरगं मागं कोसळतं, ते किरकोळ नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच ओरडतोय. बॅक स्क्रीन शिकवायचा तर पहिले पंधरा दिवस चालत शिकवा, हात छातीवर, आणि बाकीच्या चौघांना ‘स्क्रीन!’ अशी हाक मारायची सवय लावा. डिफेंडरला आवाज देणं हे त्याच्याच साथीदारांचं काम आहे आणि आपल्याकडे सगळे मुके खेळतात. सर ऐकत नसतील तर कॉलेजच्या क्रीडा संचालकांना लेखी कळवा.

प्रश्न : मुलगी इथे हायस्कूलमध्ये खेळते. एक एजंट तिच्या बास्केटांचा व्हिडिओ बनवून कॉलेज कोचना पाठवायचे भरमसाट पैसे मागतो. (न्यू जर्सी)

देऊ नका. पूर्ण मॅचचं चित्रीकरण पाठवा; चेंडू हातात नसताना ती काय करते, स्क्रीन कसा लावते, हे कोचला त्यातच दिसतं. पाठवण्यापूर्वी तिच्या शाळेच्या कोचशी बोला आणि एनसीएएचे पात्रतेचे नियम समजून घ्या.

प्रश्न : स्क्रीन नीट लागतो, पण ज्याच्यासाठी लावला तो मोकळाच होत नाही. (नागपूर)

तो लवकर निघतो. स्क्रीन उभा राहीपर्यंत थांबायचं, डिफेंडरला उलट दिशेला दोन पावलं न्यायचं, मग स्क्रीनच्या कमरेला खांदा घासून जायचं. मध्ये फट राहिली तर डिफेंडर त्यातून येतोच. आणि दोघं डिफेंडर त्याच्यामागे गेले तर स्क्रीन लावणारा मोकळा असतो, त्याच्याकडे कुणी बघतं का? कोच बॉब नाइट यांच्या इंडियानानं 1976 चा मोसम 32-0 असा जिंकला तो डिफेंडरची हालचाल अशी वाचून खेळतच. तरी एकदा सरावाचं चित्रीकरण करून तुमच्या कोचसोबत बसून बघा.

प्रश्न : ‘हॉर्न्स’ सेटला मराठीत काय म्हणावं? (सोलापूर)

हॉर्न्सच. दोन खेळाडू शिंगांसारखे उभे करायची मांडणी आहे ती, पण मैदानात ‘शिंगं’ म्हणून ओरडून बघा, आपलेच पाच जण हसत उभे राहतील.