संगीत शिक्षकाला पुढे शिकायला जायचं असेल, तर विद्यार्थ्यांचा निरोप कसा घ्यावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की गाण्याचा क्लास बंद करून पुण्याला एम.ए.ला निघालाय, मुलांना कसं सांगावं सुचत नाही आणि 'अर्ध्यावर सोडून चाललेय' असं सारखं वाटतंय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सरळ सांगा, समोर बसवून सांगा. आधी मुलांना, मग पालकांना. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्याबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय, कारण हेच वाक्य मी सांगलीत चारचौघांत ऐकून घेतलंय.

माझा क्लास उत्तम चालला होता. संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत बॅचेस, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मध्यमा, विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसणारी मुलं. एप्रिल-मेचं सत्र संपलं की नोव्हेंबर-डिसेंबरचे फॉर्म, ते झालं की पुन्हा एप्रिल. भूप, दुर्गा, काफी, देस, परत भूप. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरची जी पट्टी सा धरून गातो ती, काळी एक. क्लासात बहुतेक मुली, त्यांची काळी पाच. म्हणजे त्यांच्याबरोबर खालच्या सप्तकात गायचं. त्यांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, तो माझा मध्य सप्तकातला शुद्ध धैवत. त्याच्या वर जायची रोज चार तासांत एकदाही वेळ यायची नाही. सकाळचा रियाज मी कधी सोडला नव्हता, पण रात्रीपर्यंत ओरडून बसलेला गळा सकाळी काय देणार? विशारदच्या वेळी सहज लागणारा तार गंधार ढकलून लावावा लागायला लागला.

तेव्हा पुण्यातल्या एका बुजुर्ग गायकांसमोर जाऊन बसलो. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. यमन रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, सुरू केला. स्थायी झाली, आलापी थोडी पुढे गेली आणि त्यांनी हात वर केला. म्हणाले, "तुम्ही प्रत्येक जागेनंतर थांबताय. आता कोण म्हणून दाखवणार आहे?"

ते खरं होतं. मी गात नव्हतो, सांगून दाखवत होतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जायची ती मींड सुटी सुटी, स्वर वेगवेगळे मोजून घ्यावेत असे, दम आखूड, आणि जागा, म्हणजे स्वरांची एखादी हरकत, घेतली की मुलांनी ती म्हणावी म्हणून सोडलेली मोकळी जागा. समोर एकही मूल नसताना. त्यांनी एकच अट घातली: शिकवणं बंद करून येणार असाल तर या.

घरी बोललो आणि नाताळच्या सुमारास क्लासात सांगितलं की एप्रिलची परीक्षा झाली की थांबणार. मुलं गप्प झाली, पण त्यांनी समजून घेतलं. त्रास दिला तो मोठ्यांनी. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे ज्यांची मुलगी मध्यमापर्यंत आलेली, त्यांना मी जाणं म्हणजे टक्केवारीवर घाला वाटला. एक गृहस्थ म्हणाले, फी वाढवून देतो, दोन वर्षं थांबा. राग, ताल, मुलीचा गळा, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

पण जिव्हारी लागलं ते गावातल्याच एका ज्येष्ठ शिक्षकांचं बोलणं. एका कार्यक्रमात, माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर ते म्हणाले, "शिकवता शिकवताच शिकायचं असतं. मुलांना वाऱ्यावर सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायचं, ही हौस झाली." वयानं मोठे, म्हणून तेव्हा बोललो नाही. आज बोलतो.

शिकवता शिकवता माणूस शिकवायला शिकतो. गायला शिकत नाही. कोणत्या मुलाला पलटे द्यायचे, कोणाला सरळ बंदिश द्यायची, कोणाचा ताल कच्चा आहे म्हणून हाताने टाळी-खाली द्यायला लावायची, हे सगळं मला क्लासनंच शिकवलं आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण तुमचा कान कोण धरणार? चुकलात तर थांबवणारं समोर कोणी नसतं. समोर बसलेलं मूल तुमची चूक जशीच्या तशी उचलतं. माझ्या मुलींच्या यमनात माझीच तुटकी मींड ऐकू यायची. त्यांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून मी तिथेच थांबलो असतो, तर पुढच्या बॅचलाही तीच मींड दिली असती.

आणि हौस म्हणाल, तर गायक भास्करबुवा बखल्यांनाही हौसच होती का? ग्वाल्हेर घराण्याची तालीम फैजमहंमद खाँकडे, आग्रा घराण्याची नत्थनखाँकडे, आणि गवई म्हणून नाव झाल्यावरही ते जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसमोर शागीर्द म्हणून बसले. त्याच बुवांनी 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि त्यानंतर अल्लादियाखाँचे मुलगे मंजीखाँ यांच्याकडे गेले. 1937 मध्ये मंजीखाँ वारले, तर त्यांचे भाऊ भूर्जीखाँ यांच्याकडे शिकत राहिले. आमच्या भागात ही नावं घेताना लोक कानाची पाळी धरतात, आणि शेजारचा शिक्षक तेच करायला निघाला की हौस म्हणतात.

तर ताई, एम.ए.ला जा. फक्त पदवीसाठी जात असाल तर पुन्हा विचार करा; कोणासमोर बसायला मिळणार आहे ते आधी बघा. गाणं बसून शिकायचं असतं, सेमिस्टरच्या हिशेबानं ते येत नाही.

आता मुलांचं. नवा शिक्षक तुम्ही सुचवा, पण लादू नका. आणि प्रत्येक मुलाबद्दल त्या शिक्षकांना स्वतः भेटून सांगा. हे फार कमी लोक करतात. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा होता, त्याचा आवाज फुटत होता. काळी चारवरून गळा कुठे उतरणार ते त्यालाच कळत नव्हतं, आणि मध्यमाचा फॉर्म भरलेला. मी नव्या शिक्षकांना सांगितलं की याला वर ताणू नका, सहा-आठ महिने खाली, सोप्या पट्टीत गाऊ द्या, परीक्षा पुढच्या सत्राला गेली तरी चालेल. त्याच्या वडिलांना ते पटलं नव्हतं. नव्या शिक्षकांनी ऐकलं, म्हणून तो आज गातोय.

निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, भाषणं असलं काही करू नका. आमच्या शेवटच्या दिवशी मी फक्त एकच केलं. तानपुरा लावायला मुली रोज माझ्याकडे आणायच्या, त्या दिवशी मी हात लावला नाही. मध्यमाच्या मुलीनं लावला. पंचमाची तार झाली, मधल्या दोन तारांची जोड झाली, खर्जाची तार काही केल्या बसेना. खुंटी सोडून तिनं तारेतला मणी सरकवला, मग घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा नखाने किंचित पुढे घेतला, परत मागे, आणि जवारी खुलली, तार घुमायला लागली. बाकीच्या मुली मला काही न विचारता गायला बसल्या. तुमच्या मुलांना अजून तानपुरा लावता येत नसेल, तर उरलेले महिने त्यालाच द्या. नवा राग सुरू करू नका.

'ऑनलाइन चालू ठेवा' असं पालक म्हणतील. ठेवू नका. आवाज मागेपुढे होतो, एकत्र गाता येत नाही, ठेका धरता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचं मन दोन ठिकाणी राहतं.

एक सांगायचं राहिलं. माझ्या पत्नीची बँकेत नोकरी होती, म्हणून मला क्लास एकदम बंद करता आला. घर तुमच्या फीवर चालत असेल, तर विशारदच्या वरचे दोन-तीन विद्यार्थी शनिवार-रविवारी ठेवा. लहान बॅचेस मात्र नकोच. कोणी विद्यार्थी परीक्षेच्या अगदी तोंडावर असेल तर तेवढं सत्र संपवूनच निघा. आणि पुढच्या महिन्यांची फी आगाऊ घेतली असेल, तर निघायचं सांगाल त्याच आठवड्यात परत करा.